झाम्ब्रानोला विकायचं होतं तर कधी?

शुक्रवार, १२ ऑगस्ट २०११. अटलांटाच्या टर्नर फील्डवर आधी बॉबी कॉक्स या बेसबॉलमधल्या जुन्याजाणत्या मॅनेजरचा सत्कार झाला. त्यांचा जर्सीचा ६ नंबर अटलांटाच्या ब्रेव्ह्ज संघाने कायमचा बाजूला काढून ठेवला आणि मग मॅच सुरू झाली. समोर शिकागो कब्ज, त्यांच्याकडून बॉल टाकायला कार्लोस झाम्ब्रानो. चार इनिंग आणि वर एक आउट (तीन आउटची एक इनिंग, नऊ इनिंगची मॅच), एवढ्यात त्याने आठ धावा दिल्या. त्यात पाच होमरन, म्हणजे थेट सीमेपार गेलेले फटके. ते पाच खाऊन झाल्यावर त्याने ब्रेव्ह्जच्या चिपर जोन्सच्या अंगाच्या रोखाने लागोपाठ दोन बॉल घातले आणि अंपायरने त्याला मैदानाबाहेर काढलं. झाम्ब्रानो आत गेला, लॉकर रिकामा केला, तिथल्या लोकांना आपण खेळणं सोडतोय असं सांगितलं आणि मॅच चालू असतानाच निघून गेला. कब्ज ४-१० हरले. मॅनेजर माइक क्वेड आत आले तेव्हा लॉकरमध्ये काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लबने त्याला ३० दिवस बिनपगारी घरी बसवलं. त्या वर्षीच्या पगाराच्या हिशेबाने ही रक्कम २९ लाख डॉलरच्या आसपास जाते. आणि शिकागोत वाद पेटला: विका याला. काहींच्या मते विकायचं कसलं, हाकलून द्या. थोडे म्हणाले, थांबा, डोकं शांत झालं की येईल. तिन्ही बाजूंचे मुद्दे ऐकण्यासारखे होते. पण माझं मत असं की तो वाद आठ-नऊ महिने उशिरा चालला होता. झाम्ब्रानोला विकायची वेळ येऊन गेली होती, आणि ती आली तेव्हा विकण्याचं कुणाच्या मनातही नव्हतं.

बेसबॉल ज्यांनी फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. सुरुवातीपासून बॉल टाकणारे, म्हणजे स्टार्टर, संघात पाच असतात. प्रत्येकाची पाळी साधारण पाचव्या दिवशी येते. मोसमात १६२ मॅच, त्यातल्या ३२-३३ याच्या वाट्याला. एका पाळीत शंभरेक बॉल. मधले चार दिवस तो डगआउटमध्ये बसून असतो. पिचर किती चांगला हे सांगणारा लोकांच्या तोंडी असलेला आकडा म्हणजे ईआरए: नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर किती धावा पडल्या. तीनच्या घरात असेल तर उत्तम, चारच्या घरात चालवून घेतात, पाचकडे सरकला की मॅनेजर नजर चुकवायला लागतो.

पगार कराराने बांधलेला असतो आणि तो पुरा द्यावाच लागतो. पिचरचा खांदा गेला तरी द्यावा लागतो, डोकं गेलं तरी द्यावा लागतो. झाम्ब्रानोचा करार ऑगस्ट २००७ मधला: पाच वर्षं, ९ कोटी १५ लाख डॉलर. त्यात ५० लाख सहीचे, पुढे २००८ ला दीड कोटी, आणि चढत चढत २०१२ ला १ कोटी ८० लाख. शिवाय एक कलम असं की त्याच्या संमतीवाचून त्याला कुठेही पाठवता येणार नाही.

हे कलम फार महत्त्वाचं. आयपीएलमध्ये ट्रेडच्या वेळी खेळाडूचा होकार लागतो, त्यामुळे आपल्याला यात विशेष वाटत नाही. अमेरिकेत उलटं आहे. तिथे खेळाडू सकाळी एका गावचा आणि संध्याकाळी दुसऱ्या गावचा होतो, आणि त्याला विचारत कुणी नाही. विचारावं लागतं ते दोनच वेळा: करारात तसं लिहिलेलं असेल तर, किंवा त्याने दहा वर्षं मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, आणि त्यातली शेवटची सलग पाच त्याच क्लबात काढली असतील तर. हा दहा-पाचचा हक्क पहिल्यांदा बजावला तोही कब्जच्याच रॉन सँटोने, १९७३ साली. एंजल्सकडे जायला त्याने नकार दिला, म्हणून क्लबने त्याला गावातल्याच व्हाइट सॉक्सला दिलं.

आता त्रास म्हणजे नेमका काय होता, ते क्रमाने पाहिलं पाहिजे, कारण क्लबने प्रत्येक वेळी काय केलं यात पुढचं सगळं दडलेलं आहे.

१ जून २००७. झाम्ब्रानोचा सव्विसावा वाढदिवस, समोर पुन्हा ब्रेव्ह्जच, पण मैदान घरचं. पिचरचे बॉल झेलणारा कॅचर मायकल बॅरेट, त्याच्या हातून एक बॉल सुटला, वर त्याने चुकीचा थ्रो केला. इनिंग संपल्यावर दोघांची डगआउटमध्ये कॅमेऱ्यासमोर जुंपली, मग आतल्या खोलीत पुन्हा. बॅरेटचा ओठ फाटला, त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. तीन आठवड्यांच्या आत क्लबने एकाला विकलं. कोणाला? बॅरेटला, सॅन डिएगोला. आणि झाम्ब्रानोला दोन-अडीच महिन्यांत ते ९ कोटी १५ लाख मिळाले. हिशेबाने यात चूक काढता येत नाही. २६ वर्षांचा, दर वर्षी दोनशेच्या वर इनिंग टाकणारा पिचर मिळणं किती कठीण, आणि कॅचर त्यामानाने मिळतो. पण घरात दोन भावांचं भांडण झालं, मार खाल्लेल्याला मामाकडे धाडलं आणि मारणाऱ्याला नवी सायकल घेतली, तर बाकीची भावंडं काय शिकतात, हे सांगायला बेसबॉल कळावा लागत नाही.

२७ मे २००९ चा प्रसंग तर हातात वाटी घेऊन पाहावा असा. पिट्सबर्गचा नायजर मॉर्गन धाव पुरी करायला होम प्लेटवर घसरत आला, अंपायर मार्क कार्लसनने त्याला सुखरूप ठरवलं. झाम्ब्रानो तावातावाने अंगावर गेला, कार्लसनने त्याला बाहेर काढलं. तर यानेच हात उंचावून अंपायरला बाहेर काढल्याची खूण केली! मग बॉल भिरकावला तो थेट आउटफील्डमध्ये, ग्लोव्ह आपटला, आणि डगआउटमधल्या गेटोरेडच्या मशीनला बॅटने बडवून काढलं. मशीन बिचारं निरुपद्रवी. शिक्षा झाली सहा मॅचची.

या शिक्षेचं गणित मुद्दाम बघण्यासारखं आहे. रोज खेळणाऱ्या बॅट्समनला सहा मॅच बसवलं तर त्याच्या सहा मॅच बुडतात. स्टार्टरची पाळीच पाचव्या दिवशी, त्यामुळे त्याची फार तर एक पाळी जाते. मॅनेजरने पाळ्या थोड्या मागेपुढे केल्या तर त्याला झळही लागत नाही. म्हणजे लीगची शिक्षा पिचरच्या रागावर जवळजवळ चालतच नाही. जे काही करायचं ते क्लबनेच करायचं.

क्लबने काय केलं? एप्रिल २०१० मध्ये, मोसमाच्या चार पाळ्या झाल्यावर, त्याला बुलपेनमध्ये बसवलं. म्हणजे मॅचच्या शेवटाकडे एखादी इनिंग टाकायला बोलावतात त्या मंडळींत. सुरुवात वाईट झाली होती हे खरं. पहिल्याच दिवशी, अटलांटातच, जेसन हेवर्ड नावाच्या वीस वर्षांच्या पोराने मेजर लीगमधल्या पहिल्या बॅटिंगला त्याला तीन धावांचा होमरन मारला होता, आणि झाम्ब्रानो दुसरी इनिंगही पुरी करू शकला नव्हता. पण पावणेदोन कोटींच्या वर पगार घेणारा माणूस आठव्या इनिंगला एक ओव्हर टाकल्यासारखा येणार, यातून क्लबला इनिंग कमी मिळाल्या आणि बाजाराला निरोप गेला की यांच्याच मनात याच्याबद्दल खात्री नाही. ज्याला कधी तरी विकावं लागेल त्याला बुलपेनमध्ये ठेवू नये. जुनी गाडी विकायची असेल तर ती गॅरेजबाहेर विटांवर उभी करून ठेवत नाहीत.

जूनमध्ये तो परत पाळीत आला आणि २५ जूनला व्हाइट सॉक्सच्या मैदानावर पहिल्याच इनिंगमध्ये चार धावा गेल्या. पहिल्या बेसजवळून गेलेला एक बॉल डेरेक लीने झेप घेऊन अडवायला हवा होता, असं त्याला वाटलं. डगआउटमध्ये आरडाओरडा, लीशी समोरासमोर बाचाबाची. डेरेक ली हा त्या संघातला सगळ्यांत शांत, सगळ्यांना मान्य असा माणूस; त्याच्याशी भांडलास म्हणजे सगळ्यांशी भांडलास. मॅनेजर लू पिनेला यांनी झाम्ब्रानोला तिथेच काढलं. निलंबन झालं, रागावर उपचार घ्यायला पाठवलं, महिनाभराने तो परत आला.

आणि मग ते घडलं ज्यामुळे सगळ्यांचा हिशेब चुकला. ऑगस्टपासून मोसम संपेपर्यंत अकरा पाळ्यांत तो ८-० होता, म्हणजे आठ विजय, पराभव एकही नाही. ईआरए १.४१. पिनेला मध्येच निवृत्त झाले, क्वेड हंगामी म्हणून आले आणि संघ त्यांच्या हाताखाली २४-१३ खेळला. पूर्ण मोसमाचा हिशेब ७५ विजय, ८७ पराभव असा फिका होता, पण शेवटची चव गोड राहिली.

माझ्या मते विकायचं ते या हिवाळ्यात. ऑक्टोबर २०१० ते जानेवारी २०११.

का, ते सांगतो. या अकरा पाळ्यांच्या मागे जाऊन इनिंग मोजा. २००३ पासून २००७ पर्यंत पूर्ण इनिंग: २१४, २०९, २२३, २१४, २१६. पंचविशीच्या आतबाहेरच्या खांद्यावर हा पाच वर्षांचा सलग भार. त्यानंतर १८८, १६९, १२९. शेवटच्या आकड्यात बुलपेन आणि निलंबनाचा वाटा आहे, पण उतार त्याच्या आधी लागला होता. बॉलचा वेग उतरत होता. नेम चुकलेल्या चार बॉलांवर फुकट बेस देण्याची खोड तर पहिल्यापासून: २००६ ला ११५ आणि २००७ ला १०१ वेळा त्याने बॅट्समनला चालत पहिल्या बेसवर पाठवलं, दोन्ही वर्षी नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या कब्ज असलेल्या अर्ध्या भागात, सगळ्यांत जास्त. वेग असतो तोवर ही उधळपट्टी खपते, कारण पुढच्या बॅट्समनला आउट करता येतं. वेग गेला की तेच चालत गेलेले लोक पुढच्याच्या होमरनवर धावत घरी येतात.

म्हणजे जाणत्या नजरेला राग हे मुख्य दुखणं नव्हतंच. राग २००७ लाही तेवढाच होता. फरक एवढा की तेव्हा ईआरए तीनच्या घरात होता, म्हणून त्याला जिद्द म्हणत. ईआरए वर गेला की तीच जिद्द शिस्तभंग होते. विकण्याचा वाद दर वेळी उठतो तो आकडा बिघडल्यावर, म्हणजे घेणारा कुणी उरलेला नसताना. आकडा सुधारला की वाद मिटतो, म्हणजे घेणारे रांगेत उभे असताना. ८-० च्या पिचरला विकायचं म्हटलं असतं तर शिकागोच्या लोकांनी खेळाडूंची देवघेव बघणारे जनरल मॅनेजर जिम हेंड्री यांना घरच्या मैदानावरच्या, रिगली फील्डच्या, वेलींना लटकवलं असतं.

हेंड्रींच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की विकणं सोपं नव्हतं. दोन वर्षांचे ३ कोटी ५८ लाख ७५ हजार डॉलर बाकी होते, झाम्ब्रानोचा होकार लागणार होता, आणि त्याला शिकागो आवडायचं. पगारातला मोठा हिस्सा क्लबलाच सोसावा लागला असता. पण घेणाऱ्याला दोन वर्षं मिळाली असती, ताजा १.४१ मिळाला असता, आणि नॅशनल लीगचा क्लब असेल तर बॅटही मिळाली असती. तेव्हा त्या लीगमध्ये पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागे, आणि हा माणूस दोन्ही हातांनी बॅटिंग करून होमरन मारायचा. कारकिर्दीत २४ मारले. अशा मालाच्या बदल्यात एक-दोन होतकरू पोरं मागता येतात. हेंड्रींनी उलट केलं. त्यांना वाटलं, संघ जुळत आलाय. त्यांनी जानेवारीत टँपा बेचा मॅट गार्झा आणला आणि त्याच्यासाठी क्रिस आर्चरसह पाच जण दिले. पुढच्या मोसमात कब्ज ७१-९१.

आता ऑगस्ट २०११ कडे परत. लॉकर रिकामा आहे, माणूस घरी आहे. क्लबच्या हातात काय काय उरलं होतं?

लगेच विकणं जवळजवळ अशक्य होतं. ट्रेडची ३१ जुलैची मुदत उलटली होती. त्या काळी ऑगस्टमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूला आधी वेव्हरवर टाकावं लागे, म्हणजे बाकीच्या सगळ्या क्लबांसमोर तो ठेवायचा. कुणी हक्क सांगितला तर फक्त त्याच्याशी बोलणी करायची, किंवा खेळाडूला परत घ्यायचं, किंवा सरळ देऊन टाकायचं. देऊन टाकलं तर हक्क सांगणाऱ्याच्या गळ्यात पूर्ण करार. ऑगस्ट २००९ मध्ये टोरांटोने अॅलेक्स रिओसला असंच व्हाइट सॉक्सच्या गळ्यात घातलं होतं, जवळपास सहा कोटींच्या करारासकट. त्यामुळे १ कोटी ८० लाखांच्या रागीट पिचरवर हक्क सांगायला कुणाचा हात वर जाणार नव्हता. ही ऑगस्टची पळवाट २०१९ पासून बंदच झाली. आता एकच मुदत.

हाकलून देणं, म्हणजे रिलीज. ऐकायला मर्दानी, हिशेबाला मूर्खपणा. रिलीज केलं तरी उरलेला पगार देणं बाकी राहतंच. दुसऱ्या क्लबने त्याला घेतलं तर तो क्लब फक्त किमान पगार देणार, जो २०१२ साठी ४ लाख ८० हजार डॉलर होता. कब्जचे वाचणार तेवढेच. हातात मात्र शून्य.

ठेवून घेणं. नवा मॅनेजर, नवा मोसम, त्याने दहा पाळ्या बऱ्या टाकल्या तर जुलैमध्ये विकू. कागदावर हे चांगलं दिसतं. पण ज्या लोकांना तो वाऱ्यावर सोडून गेला होता तेच त्याच्या शेजारी चार-चार दिवस बसणार होते. जूनमध्ये, संघातल्याच कार्लोस मार्मोलने समोरच्या संघाच्या रायन थेरिओला टाकलेल्या एका बॉलवरून, त्याने पत्रकारांसमोर आपल्याच संघाची लायकी खालच्या लीगची असल्याचं बोलून दाखवलं होतं. मार्मोल तिथेच होता. आणि पुन्हा एकदा मशीन फुटलं असतं तर मग एक डॉलरही आला नसता.

हेंड्रींची ऑगस्टमध्येच गच्छंती झाली आणि ऑक्टोबरात क्लबचा कारभार बघायला बोस्टनहून थिओ एपस्टाइन आले. त्यांनी सुरुवातीला झाम्ब्रानोसाठी दार उघडं ठेवलं, त्याने परत विश्वास कमवावा असा सूर लावला. भोळ्या लोकांना ती दिलदारी वाटली. मला तो दुकानदाराचा आवाज वाटतो. माल आज रात्रीपर्यंत संपवायचाच आहे असं गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नसतं.

जानेवारी २०१२ मध्ये सौदा झाला. झाम्ब्रानो मायामी मार्लिन्सकडे, तिकडून क्रिस वोल्स्टॅड. मायामी का? नवं स्टेडियम उघडत होतं, तिकिटं खपायला हवी होती, आणि मॅनेजर होता ऑझी गियेन: व्हेनेझुएलाचा, झाम्ब्रानोचा दोस्त, तोंडाने त्याच्याहून फटकळ. (गियेन स्वतःही तसा विकूनच आला होता. मार्लिन्सने त्याच्यासाठी व्हाइट सॉक्सला दोन खेळाडू दिले होते.) तो होता म्हणूनच झाम्ब्रानोने होकार दिला. जिथे खेळाडूची संमती लागते तिथे जगभर भाव विचारत फिरण्यात अर्थ नसतो. तो कोणाकडे जाईल ते आधी विचारायचं, मग त्या एका-दोघांशीच बोलायचं. अर्थात त्या एका-दोघांनाही हे ठाऊक असतं, आणि ते भाव पाडतात.

१ कोटी ८० लाखांपैकी मार्लिन्स देणार २५ लाख ५० हजार. बाकी १ कोटी ५४ लाख ५० हजार कब्ज देणार, तो दुसऱ्याच्या मैदानावर बॉल टाकत असताना. एवढी रोख रक्कम सौद्यात असली, म्हणजे दहा लाखांच्या वर गेली, की कमिशनरची मंजुरी लागते, तीही मिळाली. मार्लिन्सने उचललेले साडेपंचवीस लाख आणि वोल्स्टॅडचा नवा पगार साधारण सारखेच, म्हणजे कब्जचे पैसे वाचले असं समजू नये. १ कोटी ५४ लाख देऊन त्यांनी रिकामा लॉकर विकत घेतला आणि वर एक पंचवीस वर्षांचा, सहा फूट आठ इंच उंचीचा पिचर, तीन मोसमांसाठी.

मला विचाराल तर हा सौदा बरोबर होता. पुढे तो फसला, तरीही. वोल्स्टॅड म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत निवडला गेलेला पोरगा. २०११ चा ईआरए ४.८९, पण वय हाताशी. अशा पाचांतला एक जमतो. तो चारांतला निघाला: २०१२ ला ३ विजय, १२ पराभव, ईआरए ६.३१. कब्ज त्या वर्षी १०१ मॅच हरले आणि मोसम संपल्यावर त्यांनी वोल्स्टॅडला सोडून दिलं. झाम्ब्रानो तिकडे ७-१०, ४.४९, जुलै संपता संपता पुन्हा बुलपेनमध्ये. त्या मोसमानंतर तो मेजर लीगमध्ये खेळला नाही. १३२ विजय, ९१ पराभव, वय एकतीस. राग सोडा, तो मायामीत शहाण्यासारखा वागला. खांद्यात काही उरलं नव्हतं.

ऑगस्ट २०१२ मध्ये बोस्टनने जॉश बेकेटला विकलं, त्यातला एक धडा इथे जोडावासा वाटतो. बेकेटही पिचर, तोही नाकापेक्षा जड झालेला. २०११ च्या सप्टेंबरात बोस्टन २७ पैकी २० मॅच हरलं आणि मग बाहेर आलं की ज्या दिवशी पाळी नसेल त्या दिवशी स्टार्टर आत बसून बिअर आणि तळलेलं चिकन हाणत होते. २०१२ ला बोस्टनमध्ये त्याचा ईआरए पाचच्या वर, करार २०१४ पर्यंत. एकट्याला कुणी घेतलं नसतं. बोस्टनने त्याची मोट एड्रियन गोन्झालेझबरोबर बांधली. गोन्झालेझ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना हवाच होता. हा हवा असेल तर बेकेट आणि कार्ल क्रॉफर्डही न्या. बाजारात चांगल्या आंब्याखाली दोन डागी आंबे सरकवतात, तसं. डॉजर्सकडे नवे मालक, पैशाला तोटा नाही. पंचवीस कोटी डॉलरच्या वर करार त्यांनी उचलले. बोस्टनने मोकळ्या झालेल्या पैशांत मध्यम माणसं घेतली आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. बेकेटने २०१४ मध्ये डॉजर्ससाठी नो-हिटर टाकली, म्हणजे समोरच्या संघाला पूर्ण मॅचमध्ये एकही हिट नाही. त्यालाही जागा मानवली म्हणायची. कब्जकडे मात्र मोट बांधायला गोन्झालेझ नव्हता.

पण त्यांच्याकडे रायन डेम्प्स्टर होता. झाम्ब्रानोच्याच पाळीतला, त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, गमत्या स्वभावाचा, सगळ्यांचा लाडका. २०१२ चा जुलै, करार संपत आलेला, ईआरए २.२५. अशा माणसाला कोण विकतो? एपस्टाइननी विकायला काढला. अटलांटाशी ठरलंही, पण डेम्प्स्टरने दहा-पाचचा हक्क बजावून नकार दिला. क्लबची पंचाईत. आठवडाभर घोळ चालला आणि ३१ जुलैला, मुदतीच्या अगदी तोंडाशी, तो टेक्सासला गेला. बदल्यात आले दोघे, त्यातला एक खालच्या लीगमधला पिचर, डार्टमथ कॉलेजात शिकलेला, आठव्या फेरीत निवडलेला, वेग बेताचाच. काइल हेंड्रिक्स. डेम्प्स्टरचा ईआरए टेक्सासला गेल्यावर ५.०९ झाला.

एकाच वर्षात, एकाच क्लबने विकलेले दोन जुने पिचर. त्रास देणाऱ्याच्या बदल्यात वोल्स्टॅड आला, त्रास न देणाऱ्याच्या बदल्यात हेंड्रिक्स. स्वभावाचा या फरकाशी संबंध किती? थोडा आहे. डेम्प्स्टरचा आकडा २.२५ असताना त्याला विकायला एपस्टाइनना कुणाशी भांडावं लागलं नाही, आणि घेणाऱ्यालाही दहा वेळा विचार करावा लागला नाही. पण बाकी सगळा फरक कॅलेंडरचा.

हेंड्रिक्स २०१६ मध्ये २.१३ ईआरए टाकून मेजर लीगमध्ये पहिला आला. २ नोव्हेंबर २०१६ ला क्लीव्हलंडमध्ये वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच होती. २००७ च्या प्लेऑफमध्ये झाम्ब्रानोला पिनेलांनी पहिल्याच मॅचमध्ये, १-१ असताना, ८५ बॉलवर काढून घेतलं होतं, चौथ्या मॅचसाठी राखायला. पहिल्या तिन्ही हरल्यामुळे चौथी मॅच आलीच नाही. हेंड्रिक्सला आताचे मॅनेजर जो मॅडन यांनी ६३ बॉलवर काढलं. पाचवी इनिंग, दोन आउट, कब्ज ५-१ ने पुढे, आणि एक बॅट्समन नुकताच चालत पहिल्या बेसवर गेलेला. हेंड्रिक्सने बॉल मॅडनच्या हातात दिला आणि डगआउटकडे चालू लागला. त्याच्या मागे थोड्याच वेळात एका वाइल्ड पिचवर, म्हणजे भरकटलेल्या बॉलवर, दोन धावा आल्या. पुढच्या पाच इनिंग त्याने डगआउटमधून पाहिल्या.